स्कीच्या तळावरील ओरखडे

उपयोगाकरिता निर्माण केलेली वस्तू उपयोगाने झिजते, हा नियम इतका परिचयाचा आहे की तो सांगण्याचे काही प्रयोजन नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. नांगराचा फाळ दर हंगामास बोथट होतो, आणि शेतकरी तो लोहाराकडे नेऊन पाजवून आणतो. पाटा गुळगुळीत झाला की गृहिणी टाकी लावणारणीस हाक मारते. फाळ झिजला म्हणून कोणी शोक करीत नाही, अथवा झिजू नये म्हणून तो माळ्यावर गुंडाळून ठेवीत नाही. परंतु वस्तू जरा महाग, नवी आणि चकचकीत असली की हाच साधा नियम आपणांस पटेनासा होतो. तिच्यावर उमटलेला पहिला ओरखडा जणू काय आपल्याच अंगावर उमटला, असे वाटू लागते. हे वाटणे कितपत योग्य आहे, याचा विचार आम्ही या लेखात एका दूरच्या देशातील खेळाच्या उदाहरणाने करणार आहोत. तो खेळ म्हणजे हिमावरून स्कीच्या साहाय्याने घसरत जाणे, ज्यास स्कीइंग असे म्हणतात.

आपल्या सह्याद्रीवर हिम पडत नाही. म्हणून प्रथम स्की म्हणजे काय, हे सांगणे अवश्य आहे. स्की ही एक लांब, अरुंद व पुढील टोकाशी वर वळलेली पट्टी असते. अशा दोन पट्ट्या दोन्ही पायांतील बुटांस घट्ट जोडतात. शरीराचा भार लांब पट्टीवर पसरल्यामुळे पाय हिमात रुतत नाही, आणि उतारावर मनुष्य वेगाने खाली सरकू लागतो. नॉर्वे व स्वीडन या देशांत हे हजारो वर्षांपासून हिवाळ्यातील प्रवासाचे साधन होते; पुढे आल्प्स पर्वतातील देशांत त्याचा खेळ झाला, आणि १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे भरलेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत त्यास स्थान मिळाले. आपल्या देशात काश्मिरातील गुलमर्ग व उत्तराखंडातील औली ही या खेळाची प्रसिद्ध ठिकाणे होत.

आजची स्की दिसावयास एकसंध वाटली तरी ती अनेक थरांची बनलेली असते. मध्यभागी बहुधा लाकडाचा गाभा असतो. त्याच्या वर व खाली काचतंतूंचे, क्वचित ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे थर राळेने चिकटविलेले असतात. सर्वांत खाली पॉलिएथिलीन नावाच्या प्लास्टिकचा तळ असतो. त्याची जाडी एकदोन मिलिमीटरांहून अधिक नसते. या तळाच्या दोन्ही बाजूंस पोलादाची बारीक कड बसविलेली असते. तळाचे काम सरकण्याचे व कडेचे काम धरण्याचे. घर्षणाच्या उष्णतेने हिमाचा अत्यंत पातळ थर ओला होतो व त्या ओलाव्यावरून स्की सरकते, असे बौडन व ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने या स्पष्टीकरणात भर पडली असली तरी घर्षण कमी असावे म्हणून तळ मऊ व मेण शोषणारा ठेवावा लागतो, ही गोष्ट कायम आहे. उलट वळताना अथवा थांबताना स्की कलती करून पोलादी कड हिमात रुतवावी लागते. म्हणून ती कठीण व धारदार हवी.

आता या रचनेकडे लक्ष देऊन पाहिल्यास असे दिसून येईल की, खडकाशी गाठ पडली असता हानी होणे हे स्कीच्या प्रकृतीतच आहे. खनिजांचे काठिण्य मोजण्याची जी श्रेणी फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली तयार केली, तीत गारगोटीचा अंक ७ आहे. ग्रॅनाइट खडकात गारगोटीचे कण विपुल असतात, आणि शामोनीजवळील माँ ब्लाँ पर्वताचा मोठा भाग ग्रॅनाइटचाच आहे. अशा दगडापुढे पॉलिएथिलीन म्हणजे लोणीच. तळ दगडासही दाद देणार नाही इतका कठीण करावा, तर त्यावर मेण मुरणार नाही आणि तो सरकणार नाही. म्हणजे ज्या गुणामुळे स्की उपयोगी, त्याच गुणामुळे ती ओरखडली जाते. एक ठेवून दुसरा टाकता येत नाही.

कोणी म्हणेल की, मग खडक टाळावे. टाळावे हे खरे. परंतु सर्व खडक टाळता येतील असे मानणे मात्र पर्वताच्या अज्ञानाचे लक्षण होय. हिवाळ्याच्या आरंभी उघड्या उतारावर पहिले हिम पडते, तेव्हा ते कापसासारखे हलके असते. त्याने सर्व भूमी झाकलेली दिसते, पण खाली दाबून बसलेला जुना थर नसल्यामुळे स्की त्यातून आरपार खाली जाते व दडलेल्या दगडावर आदळते. पुढे हिम पुष्कळ साचले तरी डोंगराच्या धारेवरील हिम वारा उडवून नेतो, आणि जेथे उतार फुगीर असतो तेथे थर पातळ राहतो. वसंत ऋतूत काळे दगड सूर्याची उष्णता शोषून घेतात व आपल्या सभोवतीचे हिम वितळवितात. काल जो उतार निर्वेध होता त्यावर आज दगडांची डोकी वर आलेली दिसतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तरीही २०२४ च्या जानेवारीत तेथील मैदाने बहुतेक महिनाभर उघडीच राहिली, आणि महिन्याच्या अखेरीस हिम पडले. अशा वर्षी त्या पहिल्या हिमावरून जाणाऱ्यास खालच्या दगडांची ओळख झाल्याखेरीज राहत नाही. अनुभवी मनुष्य हिमातून डोकावणारी गवताची टोके, लहानसे उंचवटे व भोवतालचे खळगे पाहून पुष्कळसे दगड ओळखतो. पण पुष्कळसे म्हणजे सर्व नव्हेत.

तेव्हा हानी होणारच. परंतु सर्व हानी सारखी नसते, आणि जो तिच्यातील भेद जाणत नाही तोच लहान ओरखड्याने व्याकुळ होतो व मोठ्या जखमेकडे दुर्लक्ष करतो. म्हणून तिचे प्रकार समजून घेतले पाहिजेत.

पहिला प्रकार वरवरच्या ओरखड्यांचा. हे बहुधा स्कीच्या लांबीच्या दिशेने असतात, व त्यांनी सामान्य मनुष्याच्या गतीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आडवे ओरखडे थोडे अधिक अडवितात. तळास मेण लावून ते खरवडून काढले म्हणजे बहुतेकांस तेवढा उपचार पुरे होतो.

दुसरा प्रकार खोल चरांचा. हे चर पॉलिएथिलीनच्याच कांडीने भरतात. कांडी पेटवून तिचे थेंब चरात पाडावयाचे, ते थंड झाले म्हणजे पोलादी पट्टीने खरवडून तळाशी सपाट करावयाचे, अशी ही कृती आहे. ज्योत लहान ठेवावी लागते. नाहीतर काजळी त्या थेंबांत मिसळते व भराव चांगला धरत नाही. थोड्या अभ्यासाने ही कृती घरीही साधते, मात्र पेटते थेंब अंगावर पडल्यास चटका बसतो, म्हणून विद्यार्थ्यांनी ती वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावी.

तिसरा प्रकार मात्र गंभीर आहे. चर तळ फोडून आतल्या थरांपर्यंत अथवा लाकडी गाभ्यापर्यंत गेला, तर त्या वाटेने पाणी आत शिरते. लाकूड फुगते, पाणी गोठले की प्रसरण पावते, आणि राळेने जोडलेले थर हळूहळू सुटू लागतात. अशी स्की त्या दिवसापुरती बाजूस ठेवून पूर्ण वाळवावी व कारागिराकडून तेथे ठिगळ बसवून घ्यावे. चर कडेला लागून असेल तर केवळ थेंब पाडून भागत नाही. कारण वितळलेले पॉलिएथिलीन पोलादास चिकटत नाही.

चौथा प्रकार कडेच्या हानीचा. यात एक मोठी मौज आहे. आपल्याकडे पूर्वी विस्तव पाडण्याकरिता चकमक वापरीत. गारेवर पोलाद आपटले की ठिणगी पडे. स्कीची कड वेगाने दगडावर घासली म्हणजे नेमके तेच घडते. घर्षणाने तेथील पोलाद क्षणमात्र अत्यंत तापते व लागलीच थंड होते. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवितो व त्यास पाणी देतो, तसेच पाणी त्या एवढ्याशा ठिकाणी दगड व हिम मिळून देतात. परिणामी तेथे उठलेला पोलादाचा बारीक काटा मूळच्या कडेपेक्षाही कठीण होतो. हे न जाणता कोणी त्यावर थेट कानस चालविली, तर काटा निघत नाही, कानशीचेच दात जातात. म्हणून प्रथम धार लावण्याच्या दगडाने अथवा हिऱ्याची कणी बसविलेल्या पट्टीने तो काटा घासून काढावा, आणि मग कानस घ्यावी. सारांश, दगडाने केलेला बिघाड दगडानेच दूर करावा लागतो.

हीच गोष्ट तळाच्या बाबतीत अधिक स्पष्टपणे दिसते, आणि या लेखाचे मर्म आम्हांस तीतच आढळते. तळ अगदी आरशासारखा गुळगुळीत असणे चांगले, असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः तसा तळ ओल्या हिमास चिकटून बसतो. म्हणून दुकानातील यंत्रात फिरत्या दगडी चाकावर स्कीचा तळ घासतात व त्यावर मुद्दाम अतिसूक्ष्म रेषांची नक्षी उठवितात. त्या रेषांमुळे पाण्याचा थर तुटतो व स्की मोकळेपणाने सरकते. म्हणजे जिचे ओरखडे पाहून आपण हळहळतो, ती स्की पहिल्या दिवशीच दगडावर ओरखडून तयार झालेली असते! पर्वतावरील दगडाचा ओरखडा वेडावाकडा असतो व कारखान्यातील नियमित असतो, एवढाच काय तो भेद. शिवाय प्रत्येक वेळी घासताना तळाचा थोडा अंश निघून जातो, व प्रत्येक वेळी धार लावताना कडेचे पोलाद कमी होते. यास्तव जो गृहस्थ एकाही दगडास न शिवता मोठ्या काळजीने वर्षानुवर्षे स्की वापरील, त्याची स्कीही शेवटी झिजणारच. निगा राखणे हीसुद्धा एक प्रकारची झीजच आहे. न झिजणारी स्की एकच, ती म्हणजे भिंतीवर टांगलेली.

इतिहासही हेच सांगतो. नॉर्वेमधील दिगेरवार्देन नावाच्या डोंगरावर वितळणाऱ्या हिमातून २०१४ साली एक प्राचीन लाकडी स्की मिळाली, आणि तिची जोडीदारीण त्याच ठिकाणी २०२१ साली मिळाली. या दोन्ही सुमारे १,३०० वर्षांपूर्वीच्या आहेत. एक १८७ सेंटिमीटर लांब व १७ सेंटिमीटर रुंद आहे, तर दुसरी १७२ सेंटिमीटर लांब व १४.५ सेंटिमीटर रुंद आहे. पाय बांधण्याकरिता बर्च झाडाच्या पिळलेल्या डहाळ्या व चामड्याचा पट्टा वापरलेला आढळतो. परंतु आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही की, त्या पुष्कळ वापरलेल्या असून त्यांवर दुरुस्तीच्या खुणा आहेत. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम मनुष्याने आपली स्की बिघडली म्हणून ती फेकली नाही, किंवा बिघडेल म्हणून घरी ठेवली नाही. त्याने ती नीट केली व तो पुन्हा डोंगरावर गेला.

एवढेच नव्हे, तर हानीनेच कारागिरांस शिकविले. लाकडी स्कीच्या कडा कठीण हिमावर व दगडांवर घासून गोल होत व पकड सुटे. ही अडचण पाहून ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहराच्या रुडॉल्फ लेटनर याने पोलादी कडा योजल्या व १९२६ साली त्यांचे पेटंट घेतले. पोलादाचे आखूड तुकडे स्क्रूंनी लाकडास बसवावे, अशी ती योजना होती. पुढे हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने ॲल्युमिनियमचे थर घातलेली स्की बनविण्यास आरंभ केला. त्याच्या प्रारंभीच्या जोड्या परीक्षेच्या वेळी एकामागून एक मोडल्या. प्रत्येक मोडलेल्या जोडीवरून त्याने दोष शोधला, व १९५० च्या सुमारास टिकाऊ धातूची स्की बाजारात आणली. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हानी अपरिहार्य आहे असे एकदा म्हटले की निष्काळजीपणास मोकळे रान मिळते, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर असे की, हानी पत्करणे निराळे व हानी ओढवून घेणे निराळे. या दोहोंमधील रेषा तीन ठिकाणी स्पष्ट दिसते.

पहिली गोष्ट, स्की कोणाची आहे? आपल्या स्कीचे ओरखडे पत्करण्याचा अधिकार आपला आहे. भाड्याने अथवा उसन्या घेतलेल्या स्कीचे ओरखडे पत्करण्याचा नाही. परक्याच्या वस्तूविषयी उदारपणा दाखविणे यात कसलाच मोठेपणा नाही. दुसरी गोष्ट, दगड केवळ स्कीसच लागत नाही. दगडावर स्की एकाएकी अडली की शरीर वेगाने पुढे फेकले जाते, आणि गुडघा किंवा डोके यांना ठिगळ बसविणारी कांडी अजून निघालेली नाही. म्हणून बंद केलेला उतार हा बंदच समजावा, दगडांचा पट्टा दिसल्यास स्की काढून चालत ओलांडावा, आणि शिरस्त्राणावाचून उतारावर जाऊ नये. तिसरी गोष्ट, समज पाहून साधन निवडावे. हिवाळ्याच्या आरंभी व अखेरीस वापरण्याकरिता अनेक अनुभवी लोक एक जुनी जोडी राखून ठेवतात. जर्मन भाषेत तीस ‘श्टाइनस्की’ म्हणजे दगडांची स्की असे नाव आहे. शर्यतीत उतरणाऱ्यांची जोडी वेगळी जपलेली असते, व तेही योग्यच. नव्या जोडीने दगडांत जाऊन शौर्य गाजविणे हे शौर्य नव्हे.

परंतु एवढी सावधगिरी घेऊनही जो ओरखडा पडेल, तो मात्र शांत चित्ताने पत्करला पाहिजे. आणि याचे कारण केवळ मनःशांती हे नाही. भय हेच अपघाताचे कारण होते. स्की खराब होईल या चिंतेने नवशिका शरीर मागे झुकवितो; भार टाचांवर जातो, स्कीची पुढली टोके हलकी होतात, आणि वळविण्याची सत्ता हातची जाते. जो दगड त्याने सहज टाळला असता, त्याच्याच अंगावर तो जातो. उलट जाणता मनुष्य दगड अटळ दिसताच कड रुतवीत नाही. स्की सपाट ठेवून, गुडघे सैल सोडून, हलक्या अंगाने तो वरून निघून जातो. ओरखडा दोघांच्याही स्कीवर पडतो, पण एक पडतो आणि दुसरा पुढे जातो. मग पडलेला मनुष्य स्कीसच दोष देतो, तेव्हा नाचता येईना अंगण वाकडे, या म्हणीची आठवण होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी थोड्यांच्याच पायांस स्की लागतील. परंतु ही परीक्षा प्रत्येकाच्या घरात व शाळेत रोज होत असते. पाने मळू नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेला शब्दकोश, खरचटू नये म्हणून सामन्यात कधी न आणलेली नवी बॅट, तारा तुटतील म्हणून खोळीतच राहिलेली सतार, या सर्व भिंतीवर टांगलेल्या स्की होत. त्यांस ओरखडा नाही, कारण त्यांना आयुष्यच नाही. शुभवर्तमानात एका चाकराचा दृष्टांत आहे. धन्याने सोपविलेले द्रव्य हरवेल या भीतीने त्याने ते जमिनीत पुरून ठेविले, व धनी परत आल्यावर जसेच्या तसे काढून दिले. त्यातील एक कवडीही कमी झाली नव्हती. तथापि धन्याने त्यास दोष दिला. व्यापारात जोखीम घेणाऱ्या दुसऱ्या दोघा चाकरांची मात्र त्याने वाहवा केली. आम्हांस या दृष्टांताचा अर्थ असा वाटतो की, वस्तू मिळाली तशीच परत करणे हा विश्वासूपणा नव्हे. जिच्याकरिता ती दिली ते कार्य तिच्याकडून करवून घेणे हा विश्वासूपणा होय.

तेव्हा कार्यास लागलेल्या वस्तूवर ओरखडा दिसला तर तीन प्रश्न विचारावे. तो कार्य करताना पडला की हेळसांडीने पडला? तो वरवरचा आहे की गाभ्यापर्यंत गेला आहे? आणि तो नीट करणे आपल्या हाती आहे काय? पहिल्याचे उत्तर हेळसांड असे असेल तर सवय सुधारावी. जखम खोल असेल तर विलंब न लावता दुरुस्ती करावी. नीट करता येत असेल तर ते काम स्वतः शिकावे. कारण ज्याने एकदा आपल्या हाताने चर भरला व कड घासली, तो दगडही अधिक जपून पाहू लागतो, आणि ओरखड्यासही कमी भितो. यांपैकी काहीच करण्याजोगे नसेल, तर तळास मेण लावावे आणि हिम चांगले आहे तोवर पुन्हा उतारावर जावे.